एक कोटी बारा लाख मते : १९५२ चा समाजवादी पराभव आणि जेपींची वाट

आमच्या घरी बेचाळीसच्या गोष्टी पुष्कळ होत. जयप्रकाशांनी हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडली ती दिवाळीची रात्र होती, हे आम्हा भावंडांना तोंडपाठ होते, कारण दर दिवाळीला फराळाच्या ताटावर भाऊ, म्हणजे माझे वडील, ती गोष्ट नव्याने सांगत. पण तिथून दहा वर्षे पुढे आले की ते गप्प होत. १९५२ ची निवडणूक हा आमच्या घरात न काढायचा विषय होता.

भाऊ तेव्हा विशीत होते. सेवा दलातून समाजवादी पक्षात आलेले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर पक्षाचे चिन्ह, आणि मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. समाजवाद्यांचे चिन्ह वटवृक्ष. भाऊ महिनाभर वडाचे चित्र घेऊन वाड्यावस्त्यांवर हिंडले. निकाल लागला त्या रात्री ते जेवले नाहीत, असे आजी सांगे.

खोदून विचारले तर भाऊंकडून दोन कारणे ऐकायला मिळत. एक, लोक अडाणी, त्यांनी बैलजोडी पाहिली आणि चिठ्ठी टाकली. दुसरे, नेहरूंची जादू. पुढे मी इतिहासाच्या वाटेला लागलो तेव्हा या दोन्ही कारणांवर माझा विश्वास होता. तो कसा उडाला आणि त्या जागी काय आले, ते या लेखात मांडायचे आहे.

आकडे काय म्हणतात

लोकसभेच्या ४८९ जागा. काँग्रेसला ३६४, कम्युनिस्टांना १६, समाजवादी पक्षाला १२, आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला ९. जागांचा हा तक्ता पाहिला की समाजवादी पक्ष म्हणजे एक किरकोळ पक्ष वाटतो. मतांचा तक्ता मात्र वेगळे सांगतो. काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते होती. दुसऱ्या क्रमांकावर समाजवादी पक्ष होता. १०.५९ टक्के, म्हणजे १ कोटी १२ लाखांहून अधिक मते. कम्युनिस्टांना ३.२९ टक्के, म्हणजे जवळजवळ ३५ लाख. समाजवाद्यांच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या मतांवर कम्युनिस्टांनी चार जागा जास्त घेतल्या.

मी भागाकार करून पाहिला. काँग्रेसला एका जागेमागे सुमारे १ लाख ३१ हजार मते लागली, कम्युनिस्टांना २ लाख १८ हजार आणि समाजवाद्यांना ९ लाख ३५ हजार. तेव्हा ८६ मतदारसंघ दोन जागांचे आणि एक तीन जागांचा होता, तिथे एका मतदाराला एकाहून अधिक मते होती. म्हणून मते म्हणजे माणसे नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही एवढी मोठी तफावत त्याने पुसली जात नाही.

याचा अर्थ, भाऊंचे पहिले कारण टिकत नाही. देशातली ५५ टक्के मते बैलजोडीच्या पेटीत पडलीच नव्हती. तेलंगणातल्या नलगोंड्याच्या मतदारांनी तर रावी नारायण रेड्डी या कम्युनिस्ट पुढाऱ्याला नेहरूंहूनही जास्त मते देऊन निवडून दिले. मतदाराला चिन्हे कळत होती.

पातळ पेरा

मग चुकले कुठे? समाजवाद्यांनी २५४ जागा लढवल्या, म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक. कम्युनिस्टांनी स्वतःच्या नावावर लढवल्या ४९. जिथे त्यांची किसान सभा होती, कामगार संघटना होती, तिथेच ते उभे राहिले. मद्रास राज्यातून त्यांचे ८ आले, पश्चिम बंगालमधून ५. लढवलेल्या जागेमागे त्यांना सरासरी ७१ हजार मते पडली, समाजवाद्यांना ४४ हजार. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तेवढेच बी एकरभर पेरले तर पीक येते, पाच एकरांत विखुरले तर रान हिरवे दिसते आणि खळे रिकामे राहते.

हा पसारा केवळ अहंकारातून आला असे मी म्हणणार नाही. त्यामागे एक समज होती. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या चर्चांतून आकाराला आली. १९३४ पासून चौदा वर्षे हा पक्ष काँग्रेसच्या पोटात वाढला. मार्च १९४८ मध्ये नाशिकच्याच अधिवेशनात त्याने काँग्रेस सोडली. सोडताना काँग्रेसचे नाव मागे ठेवले, पण सवय बरोबर घेतली. आपण सबंध देशाचे, आपण सगळीकडे असलेच पाहिजे, ही ती सवय. काँग्रेसजवळ गावोगावच्या समित्या होत्या, यांच्याजवळ गावोगाव माहीत असलेली नावे होती.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. पक्षांतरानंतर आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेश विधानसभेचे राजीनामे देऊन १९४८ साली पुन्हा निवडणूक लढवली. नैतिक दृष्ट्या ते निर्मळ पाऊल होते. पण फैजाबादेत काँग्रेसने बाबा राघवदासांना उभे केले आणि आचार्यांसारखा विद्वान, सर्वमान्य नेता पडला. नाव पुरत नाही, हे त्या दिवशी दिसले होते.

पायाखालची जमीन

भाऊंच्या दुसऱ्या कारणात मात्र अर्धे सत्य आहे. ऑगस्ट १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन काँग्रेसचे अध्यक्ष झाले तेव्हा काँग्रेस उजवीकडे चालली हे समाजवाद्यांचे म्हणणे लोकांना पटण्याजोगे होते. त्या निवडणुकीत हरलेल्या कृपलानींनी पुढच्या वर्षी बाहेर पडून आपला पक्ष काढला. काँग्रेस फुटणार, डावी मंडळी आपल्याकडे येणार, अशी आशा होती. घडले उलटेच. सप्टेंबर १९५१ मध्ये टंडन गेले आणि नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. रफी अहमद किडवई कृपलानींना सोडून परत फिरले. ऑक्टोबरअखेर मतदान सुरू झाले तेव्हा नेहरू सुमारे २५ हजार मैलांच्या प्रचारदौऱ्यावर होते आणि समाजवाद्यांच्याच शब्दांत बोलत होते. जमीनदारी नष्ट करू म्हणणाऱ्या काँग्रेसपुढे समाजवाद्यांनी काय वेगळे मागायचे? ‘तेच, पण लवकर’ एवढेच उरले. तेवढ्यावर मतदार घर बदलत नाही.

त्यात विरोधकांची फाटाफूट. समाजवादी आणि कृपलानींचा पक्ष यांची मते मिळून १६ टक्क्यांच्या वर जातात. जागा दोघांच्या मिळून २१. हे दोन पक्ष सप्टेंबर १९५२ मध्ये मुंबईत एक झाले आणि प्रजा समाजवादी पक्ष जन्मला. पण तोवर निवडणूक होऊन सात महिने झाले होते.

महाराष्ट्रातले चित्र याहून बोलके आहे. मुंबई राज्याच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाने समाजवाद्यांहून कमी मतांवर १४ जागा मिळवल्या, समाजवाद्यांना ९ मिळाल्या. लोकसभेत या राज्यातून समाजवाद्यांचा एकही नाही. बेचाळीसचा वारसा तरी एका घरात कुठे राहिला होता? नाना पाटील शेकापमध्ये, यशवंतराव चव्हाण काँग्रेसमध्ये. मुंबई शहरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनशी समाजवाद्यांनी युती केली, ती त्या काळातली दूरदृष्टीची गोष्ट होती. पण उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अशोक मेहता दोघेही पडले. ही युती एका शहरापुरती राहिली, पक्षाचे धोरण झाली नाही.

जेपींनी पराभव कसा वाचला

इथपर्यंत हा हिशेबाचा विषय आहे. हिशेब चुकला तर पुढच्या खेपेला दुरुस्त करता येतो. जयप्रकाशांनी मात्र पराभव तसा वाचला नाही, आणि त्यांचे पुढचे आयुष्य त्या वाचनावर ठरले.

मे १९५२ मध्ये पचमढीला पक्षाचे खास अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. लोहिया. काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोघांपासून सारखेच दूर असा आपला स्वतंत्र विचार हवा, हे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी बैतूलला अशोक मेहतांनी दुसरे टोक मांडले. मागासलेल्या अर्थव्यवस्थेत सत्ताधाऱ्यांशी काही क्षेत्रांत सहकार्य करावेच लागेल. एकाला पराभवातून मिळाले वेगळेपण, दुसऱ्याला सहकार्य. उमेदवार किती ठिकाणी आणि कोणाशी समजूत करून उभे करावेत, या साध्या प्रश्नापेक्षा सिद्धान्ताची चर्चा मोठी झाली.

आणि जेपी? त्या उन्हाळ्याअखेर ते पुण्यात आले आणि डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. त्यानंतरच्या लेखात त्यांनी प्रश्न विचारला, की माणूस केवळ जडद्रव्य असेल तर त्याने चांगले का वागावे? आयुष्यभर मार्क्सची भाषा बोललेल्या माणसाचा तो प्रश्न होता. १९५३ च्या आरंभी नेहरूंनी सहकार्यासाठी बोलावले. जेपींनी चौदा कलमे पुढे ठेवली, त्यांत घटनादुरुस्ती होती, जमिनीचे फेरवाटप होते, बँका व विम्याचे राष्ट्रीयीकरण होते. बोलणी फिसकटली. एप्रिल १९५४ मध्ये बोधगयेला त्यांनी भूदानाच्या कामाला जीवनदान दिले. १९५७ मध्ये पक्षही सोडला.

जीवनदानाला पळवाट म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्यामागची तळमळ खरी होती. पण एक गोष्ट बोचते. एक कोटी बारा लाख मते देणारी माणसे नैतिक दृष्ट्या कुठे कमी पडली होती? त्यांनी आपले काम केले होते. कमी पडला तो पक्षाचा हिशेब. नेत्याने त्याचे प्रायश्चित्त स्वतःच्या आत शोधले, आणि त्या मतदारांना पुन्हा भेटायला तो पक्षाचा पुढारी म्हणून आलाच नाही.

हिशेब दुरुस्त होऊ शकत होता, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने जागा वाटून घेतल्या. त्याच प्रजा समाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे पुण्यातून लोकसभेत गेले, एस. एम. विधानसभेत गेले. बदलले होते ते एवढेच, की लोकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न हाती होता आणि काँग्रेससमोर एकच उमेदवार होता.

पंचवीस वर्षांनी, १९७७ मध्ये, थकलेल्या, आजारी जेपींनी विरोधकांकडे आग्रह धरला तो याच गोष्टीचा. पक्ष एक करा. जनता पक्ष बहुतेक ठिकाणी एकाच चिन्हावर लढला आणि सुमारे ४१ टक्के मतांवर त्याला २९५ जागा मिळाल्या. पण तिथे केवळ बेरीज होती. मने जुळली नव्हती, आणि १९७९ मध्ये ते सरकार पडले. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला जेपी गेले. बावन्नमध्ये त्यांनी माणसाच्या चांगुलपणाचा प्रश्न धरला आणि बेरीज सोडली. सत्त्याहत्तरमध्ये बेरीज साधली, पण तो प्रश्न तसाच राहिला. दोन्ही एका वेळी हाती असती तर काय झाले असते, याचे उत्तर इतिहासात नाही.

सत्त्याहत्तर साली भाऊ पंचेचाळिशी ओलांडलेले होते. नांगरधारी शेतकऱ्याचे चित्र घेऊन ते पुन्हा वाड्यावस्त्यांवर हिंडले. निकालाच्या रात्री ते पोटभर जेवले. दोन वर्षांनी सरकार पडले तेव्हा मात्र पूर्वीसारखे गप्प झाले नाहीत. मी हे आकडे त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळा भागाकार पुन्हा करून पाहिला. मग म्हणाले, “म्हणजे लोक आमच्याकडे आले होते.” आणि बराच वेळ तो कागद हातात धरून बसले.