फरशी बदलण्यापूर्वी स्लॅब तपासा

कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी इमारतीत २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्यावरील घरात फरशीचे काम सुरू असताना स्लॅब खाली कोसळला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील जुन्या इमारतींत घराचे नूतनीकरण केवळ त्या घरापुरते नसते, याचे हे विदारक उदाहरण.

शंभर चौरस फुटांच्या खोलीत सिमेंट-वाळूचा दोन इंच जादा थर म्हणजे स्लॅबवर सुमारे साडेनऊशे किलो वाढीव भार. गळतीमुळे सळया गंजल्या असतील, तर ब्रेकरचे हादरेही धोकादायक ठरतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. 'सी-१' श्रेणीतील इमारत तातडीने रिकामी करावी लागते. 'सी-२ए' रिकामी करून, तर 'सी-२बी' रिकामी न करता दुरुस्त करता येते. 'सी-३'मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते.

काम काढण्यापूर्वी सोसायटीकडून तपासणीचा अहवाल पाहावा. छताला तडे वा पोपडे दिसल्यास आधी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. कॉलम-बीमला हात लावू नये. डेब्रिज एका जागी साठवू नये. आपली फरशी हे खालच्या घराचे छप्पर असते.