ईस्टसाइड हॉकी मॅनेजर : तरुण खेळाडू कसे घडवायचे?

आधी एक स्पष्ट करतो. इथे हॉकी म्हणजे आपली मैदानावरची नाही, बर्फावरची आइस हॉकी. ईस्टसाइड हॉकी मॅनेजर हा स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा गेम. फुटबॉल मॅनेजर बनवणारे तेच हे लोक. २०१५ मध्ये तो स्टीमवर आला. मोबाइलवर चालत नाही, विंडोजचा लॅपटॉप लागतो. यात स्टिक हातात घ्यायची नसते, टीम चालवायची असते. आणि खरी मजा असते १८ वर्षांची पोरं निवडून त्यांना मोठं करण्यात.

प्रत्येक खेळाडूमागे गेम दोन आकडे लपवून ठेवतो: सध्याची क्षमता आणि कमाल क्षमता, दोन्ही २०० पैकी. आपल्याला दिसतो तो फक्त स्काउटचा अंदाज. बहुतेक नवे खेळणारे दुसऱ्या आकड्याला भविष्य समजतात. ते भविष्य नाही, छत आहे. सध्याची क्षमता ८० आणि कमाल १६० असलेला पोरगा १०० वर अडकून राहू शकतो. वर चढायला तीन गोष्टी लागतात: मेहनती स्वभाव, चांगला कोच आणि झेपेल अशा पातळीवर भरपूर मॅच. स्वभाव आपल्या हातात नाही. कोच पैसे देऊन आणता येतो. मॅच मात्र पूर्णपणे आपल्या निर्णयावर, आणि गडबड होते ती इथेच.

माझीही झाली. पहिल्या राउंडमध्ये निवडलेला पोरगा इतका आवडला की थेट एनएचएल टीममध्ये ठेवला. चौथ्या लाइनवर, मॅचला जेमतेम सात-आठ मिनिटं. दोन सीझननंतर तो जिथे होता तिथेच.

मग खालच्या एएचएल लीगमध्ये का नाही पाठवायचा? कारण गेममध्ये एनएचएलचे तेव्हाचे नियम आहेत. कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगमधून निवडलेला खेळाडू २० वर्षांचा होईपर्यंत एएचएलमध्ये खेळू शकत नाही. एकतर एनएचएल, नाहीतर परत ज्युनिअर. युरोपातल्या क्लबमधून घेतलेल्याला ही अट नाही.

२०१४ च्या ड्राफ्टमधली खरी उदाहरणं बघा. टोरंटोने ८ व्या क्रमांकावर विल्यम नीलँडरला स्वीडनच्या क्लबमधून निवडलं, म्हणून तो १८ व्या वर्षीच एएचएलमध्ये खेळू शकला. एडमंटनने ३ ऱ्या क्रमांकावर घेतलेला लिऑन ड्रायसाइटल जर्मन, पण खेळत होता कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये. त्यामुळे एएचएल बंद. एनएचएलमध्ये ३७ मॅचमध्ये २ गोल झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याला ज्युनिअरला परत पाठवलं. २०२० मध्ये हाच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला! म्हणजे परत पाठवणं ही शिक्षा नाही. तिथे तो पहिल्या लाइनवर खेळतो, पॉवर प्लेवर खेळतो.

अजून एक हिशेब आहे, कराराचा. १८ वर्षांच्या खेळाडूचा पहिला करार ३ वर्षांचा, पगारावर मर्यादा असलेला. १८ किंवा १९ व्या वर्षी तो एका सीझनमध्ये एनएचएलच्या १० पेक्षा कमी मॅच खेळला, तर करार वर्षभर पुढे सरकतो. ड्रायसाइटलच्या ३७ मॅचनी एडमंटनचं एक स्वस्त वर्ष खर्च झालं. म्हणून मी आता ९ मॅच खेळवून बघतो. पहिल्या दोन लाइनमध्ये जागा मिळण्याइतका चांगला वाटला तर ठेवतो, नाहीतर सरळ ज्युनिअर. २० वा लागला की एएचएल, तिथेही पहिल्या लाइनवर.

गोलकीपरच्या बाबतीत मात्र हे वेळापत्रक विसरा. ते उशिरा तयार होतात. २२ व्या वर्षी एएचएलमध्ये धडपडणारा गोली बघून त्याला ट्रेड करून टाकू नका. फक्त एक लक्षात ठेवा: काही सीझन झाले की खेळाडूला खाली पाठवताना वेव्हर्स लागू होतात, आणि तेव्हा बाकीच्या टीमपैकी कुणीही त्याला उचलू शकतं. ती तारीख करार करतानाच बघून ठेवा.