गायकवाड, ऋतुराज : आंतरराष्ट्रीय कारकीर्द

गायकवाड, ऋतुराज दशरथ (जन्म : ३१ जानेवारी १९९७, पुणे). महाराष्ट्राचा आणि भारताचा उजव्या हाताने खेळणारा फलंदाज. मूळचा सलामीवीर, पण आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांतले त्याचे पहिले शतक आले चौथ्या क्रमांकावर. ३ डिसेंबर २०२५ रोजी रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने ८३ चेंडूंत १०५ धावा काढल्या. दुसऱ्याच्या दुखापतीने मोकळी झालेली जागा, सवयीचा नसलेला क्रमांक, अव्वल दर्जाची खेळी आणि शेवटी संघाचा पराभव, असे त्याच्या कारकिर्दीचे सगळे धागे या एका डावात सापडतात.

ऋतुराज पिंपरी-चिंचवडमधल्या सांगवीत वाढला आणि थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला. २०१६-१७च्या हंगामात तो महाराष्ट्राकडून रणजी खेळू लागला. देशभर नाव झाले ते चेन्नई सुपर किंग्जमुळे : २०२१च्या आयपीएलमध्ये ६३५ धावा काढून त्याने स्पर्धेतल्या सर्वाधिक धावांची ऑरेंज कॅप मिळवली. त्याच वर्षी विजय हजारे करंडकात पाच डावांत चार शतके ठोकली. त्यांपैकी नाबाद १५४ धावांचे शतक छत्तीसगडविरुद्धचे होते. 

आंतरराष्ट्रीय पदार्पण २८ जुलै २०२१ रोजी कोलंबोत, श्रीलंकेविरुद्धच्या टी-२० सामन्यात झाले. १८ चेंडूंत २१. एकदिवसीय पदार्पणाला आणखी सव्वा वर्ष लागले : ६ ऑक्टोबर २०२२, लखनौ, समोर दक्षिण आफ्रिका, ४२ चेंडूंत १९ धावा. त्या दिवशी बॅट अडखळली, हे मान्य करायला हवे. दोन महिनेही झाले नाहीत तोच, २८ नोव्हेंबरला अहमदाबादेत विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात उत्तर प्रदेशच्या डावखुऱ्या फिरकीपटूला त्याने एका षटकात सात षटकार मारले. पाचवा चेंडू नोबॉल होता आणि तोही सीमेपार गेला. षटकात ४३ धावा निघाल्या. डाव नाबाद २२० वर संपला. मुख्य म्हणजे हे षटक डावातले ४९वे होते. तोवर तो शांतपणे खेळपट्टीवर पाय रोवून उभा होता.

आधी वेळ घ्यायचा आणि मग सुटायचे, ही त्याची रीत गुवाहाटीत सगळ्या जगाने पाहिली. २०२३च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पाच टी-२० सामन्यांच्या मालिकेत पहिल्या लढतीत तो एकही चेंडू न खेळता धावबाद झाला होता. २८ नोव्हेंबरच्या तिसऱ्या सामन्यात पहिल्या २१ चेंडूंवर त्याच्या नावावर २१ धावा होत्या. पुढच्या ३६ चेंडूंत त्याने १०२ कुटल्या. ग्लेन मॅक्सवेलच्या शेवटच्या षटकात ३० धावा निघाल्या आणि ऋतुराज ५७ चेंडूंत १२३ वर नाबाद राहिला. पुरुषांच्या टी-२०मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक करणारा तो पहिला भारतीय. पण त्याच रात्री मॅक्सवेलने ४८ चेंडूंत नाबाद १०४ धावा करून अखेरच्या चेंडूवर सामना हिरावून नेला, आणि वर्तमानपत्रांचे मथळेही.

पुढचा सामना १ डिसेंबर २०२३ रोजी रायपूरला होता. ऋतुराजने २८ चेंडूंत ३२ धावा केल्या, भारताने २० धावांनी विजय मिळवून मालिका खिशात घातली. मालिकेतल्या त्याच्या २२३ धावा दोन्ही संघांत सर्वाधिक होत्या.

त्याआधी सप्टेंबरमध्ये मोहालीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध शुभमन गिलबरोबर १४२ धावांची सलामी देताना त्याने ७१ धावा केल्या होत्या, आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले होते. अफगाणिस्तानविरुद्धची अंतिम लढत पावसाने धुऊन निघाली आणि वरच्या मानांकनामुळे पदक भारताकडे आले. जुलै २०२४ मध्ये हरारेत झिम्बाब्वेविरुद्ध ४७ चेंडूंत नाबाद ७७. एवढे करूनही लगेचच्या श्रीलंका दौऱ्यातून तो वगळला गेला. तोवर २३ टी-२० सामन्यांत त्याच्या ६३३ धावा होत्या, सरासरी ३९.५६. रोहित शर्मा, गिल, यशस्वी जैस्वाल अशी सलामीवीरांची रांग लागलेली असताना निवड समितीचे काम सोपे नव्हते, हे खरे. पण या सरासरीच्या फलंदाजाला सलग संधी मिळायला हवी होती.

पुन्हा बोलावणे आले ते २०२५च्या हिवाळ्यात. गिल आणि श्रेयस अय्यर दोघेही जायबंदी होते. आधी राजकोटला भारत ‘अ’ संघाकडून दक्षिण आफ्रिका ‘अ’विरुद्ध ऋतुराजने शतक केले आणि मग रांचीच्या पहिल्या एकदिवसीय सामन्यात त्याला अय्यरच्या चौथ्या क्रमांकावर उतरवले. तिथे ८ धावा झाल्या असताना डेवाल्ड ब्रेव्हिसने अफलातून झेल घेतला. रायपूरला तो उतरला तेव्हा सात एकदिवसीय सामन्यांत मिळून त्याच्या अवघ्या १२३ धावा होत्या. हाही डाव फुकट गेला असता तर पुढची संधी कधी, हे कुणालाच सांगता आले नसते.

धावफलक होता २ बाद ६२. समोर विराट कोहली. सलामीला नव्या चेंडूशी खेळणारा माणूस मधल्या षटकांत आला की बहुधा फिरकीपुढे अडतो. ऋतुराज अडला नाही. क्षेत्ररक्षकांमधल्या मोकळ्या जागा हेरत, एकेरी-दुहेरी धावा पळत त्याने ५२ चेंडूंत अर्धशतक गाठले. दुसरे अर्धशतक २५ चेंडूंत. १२ चौकार आणि दोनच षटकार, म्हणजे बराचसा डाव जमिनीलगतच्या फटक्यांचा. तिसऱ्या जोडीने १५६ चेंडूंत १९५ धावा जोडल्या. कोहलीने १०२ केल्या, ते त्याचे एकदिवसीय सामन्यांतले ५३वे शतक. जानेवारी २०१७ मध्ये पुण्यात इंग्लंडविरुद्ध केदार जाधवनेही कोहलीसोबत असेच शतक ठोकले होते. महाराष्ट्राच्या रणजी संघातल्या दुसऱ्या फलंदाजाने त्याच जोडीदाराबरोबर तो पराक्रम केला, हे नोंदवण्याजोगे आहे.

फरक निकालात पडला. भारताने सलग २०व्या एकदिवसीय सामन्यात नाणेफेक गमावली होती, त्यामुळे रात्री ओला चेंडू भारताच्या गोलंदाजांच्या वाट्याला आला. याच मैदानावरच्या पहिल्या एकदिवसीय सामन्यात, जानेवारी २०२३ मध्ये, न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला होता. आता दव पडू लागल्यावर ३५८ सुद्धा अपुऱ्या ठरल्या. एडन मार्करमच्या ११० धावांच्या बळावर दक्षिण आफ्रिकेने चार गडी आणि चार चेंडू राखून लक्ष्य गाठले. गुवाहाटी आणि रायपूर, दोन्ही शतके अशी हरलेल्या बाजूला जमा झाली. विजयाचा शिक्का नसला की खेळी लोकांच्या लक्षातून लवकर उतरते. पण फलंदाजाची पारख करायची तर ती त्याने काढलेल्या धावांवरून करावी, दुसऱ्या डावातल्या दवावरून नव्हे.

विशाखापट्टणमचा तिसरा सामना भारताने नऊ गडी राखून जिंकला, तेव्हा त्याच्यावर फलंदाजीची पाळीच आली नाही. जानेवारी २०२६ च्या न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेसाठी अय्यर संघात परतला आणि ऋतुराजचे नाव गळले. कसोटी पदार्पणही तोवर झाले नव्हते. २०२३ मध्ये वेस्ट इंडिजला गेलेल्या कसोटी संघात तो होता, पण अंतिम अकरांत नव्हता. न्यूझीलंड मालिकेची निवड जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच विजय हजारे करंडकात, महाराष्ट्राची आघाडीची फळी कोसळलेली असताना, त्याने गोव्याविरुद्ध नाबाद १३४ धावा केल्या आणि महाराष्ट्राने तो सामना जिंकला.