मुंबई बँकेचें दिवाळें आणि सरकारची जामिनकी

बुडत्या पेढीस सरकारनें हात द्यावा कीं न द्यावा, हा प्रश्न आजकालचा आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो आपल्या मुंबई इलाख्यांत दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच उपस्थित झाला, त्याचा अनुभव लोकांनीं घेतला आणि त्याची सरकारी चौकशीहि झाली. त्या प्रकरणाचा आढावा घेऊन त्यांतून कांहीं निर्णय निघतो कीं काय, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

लेखास निमित्त घरगुती आहे. आमच्या मांजर्लींत संध्याकाळीं जे चार सेवानिवृत्त शिक्षक एकत्र बसतात, त्यांपैकीं एकाची निवृत्तीच्या वेळीं मिळालेली बहुतेक रक्कम एका सहकारी बँकेंत अडकली. बँकेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्यांनीं मला विचारलें, “गुरुजी, तुम्ही जुनीं दप्तरें चाळतां, अशा वेळीं सरकार धांवून येतें असा पूर्वींचा दाखला आहे काय?” त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें जें वाचलें, त्याचा सारांश येथें देतों.

प्रथम पेशवाईंतील स्थिति पाहूं. त्या काळीं सरकार व सावकार यांचा संबंध आजच्या उलट होता. सरकार हेंच मोठें ऋणको होतें. थोरल्या बाजीरावांनीं ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांतून कर्जाचा जाच किती होता, हें आपल्या वाचकांस विदित आहेच. सावकाराचें येणें वसूल करून देण्यास सरकार मदत करी. परंतु त्याबद्दल वसुलाची चौथाई घेई. एखाद्या सावकाराचें दिवाळें निघालें तर तें खजिन्यांतून भरून देणें ही राज्याची जबाबदारी आहे, अशी कल्पना त्या व्यवहारांत नव्हती. ती उत्पन्न होण्यास सरकार स्वतःच पेढींत भागीदार व्हावें लागलें.

तशी पेढी इ. स. १८४० मध्यें मुंबईस निघाली. ‘बँक ऑफ बाँबे’ हें तिचें नांव. मूळ भांडवल ५२ लाख २५ हजार रुपये. पैकीं ३ लाखांचे भाग सरकारचे. संचालकांत सरकारनें नेमलेले गृहस्थ असत. नोटा काढण्याचा अधिकार तिला होता; तो नव्या चलन-कायद्यानें १८६२ त गेला आणि त्याच्या बदल्यांत सरकारी खजिन्याची शिल्लक तिच्याकडे राहूं लागली. यामुळें लोकांच्या मनांत बँक व सरकार हीं दोन नव्हेत, एकच आहेत, अशी समजूत दृढ झाली. पुढील सर्व अनर्थाचें बीज या समजुतींत आहे.

१८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हां हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६३ त बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि दक्षिणेंतील माल कर्जत, बदलापूर, कल्याण या वाटेनें थेट बंदरावर उतरूं लागला. आमच्या गांवाशेजारून आजहि जी आगगाडी जाते, तिची ती वाट. युद्धाच्या काळांत नेहमींच्या किंमतीहून सुमारें ८ कोटि १० लक्ष पौंड अधिक मुंबईस मिळाले, असा अंदाज प्रसिद्ध आहे. एवढा पैसा कोठें घालावा हें न कळून नवनव्या बँका, कर्जमंडळ्या व समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या ५००० रुपयांच्या भागाचा भाव ५० हजारांपर्यंत चढला.

याच सुमारास, १८६३ त, बँकेचा कायदा बदलून तिच्यावरील जुने निर्बंध सैल करण्यांत आले व कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्यास तिला मोकळीक मिळाली. भांडवल वाढत वाढत २ कोटि ९ लाखांवर गेलें. त्या वेळचे सट्टेबाजारांतील अग्रणी प्रेमचंद रायचंद यांचें वजन बँकेंत इतकें वाढलें कीं, त्यांच्या शब्दावर कर्जें मिळूं लागलीं. चिटणीस जेम्स ब्लेअर यांनीं हात आंखडला नाहीं. संचालकांनीं विचारणा केली नाहीं. सरकारी संचालक असून नसून सारखेच झाले.

१८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें. कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजीं जे वायद्याचे सौदे पुरे करावयाचे होते, ते कोणासच पुरे करतां येईनात. बॅकबेचा भाग २ हजारांच्याहि खालीं आला. खुद्द बँक ऑफ बाँबेचा भाग, ज्यास तेजींत २८५० रुपये येत, तो पुढें ८७ रुपयांस विकूं लागला.

या धामधुमींत ठेवीदारांनीं बँकेवर गर्दी केली, तेव्हां सर बार्टल फ्रियर गव्हर्नर होते. हिंदुस्थान सरकारच्या संमतीनें मुंबई सरकारनें बँकेस आधार देण्याचें ठरविलें व तें लोकांत जाहीर झालें. गर्दी ओसरली. येथपर्यंतच पाहिलें तर उपाय लागू पडला असेंच म्हणावें लागेल.

परंतु त्या आधाराचें स्वरूप काय होतें? येथें आपल्या धर्मशास्त्रांतील एक भेद उपयोगी पडतो. याज्ञवल्क्यस्मृतींत प्रतिभू म्हणजे जामीन तीन प्रकारचा सांगितला आहे. पहिला दर्शनाचा: ऋणकोस हजर करीन असें म्हणणारा. दुसरा प्रत्ययाचा: हा मनुष्य विश्वासू आहे असें सांगणारा. तिसरा दानाचा: यानें न दिल्यास मी देईन असें म्हणणारा. दानाच्या जामिनाची जबाबदारी त्याच्या पुत्रांवरहि येते. पहिल्या दोहोंची येत नाहीं. मात्र वचन खोटें ठरल्यास ते जामीन स्वतः सुटत नाहींत.

१८६५ सालीं सरकारनें जी जामिनकी घेतली, ती सरकारच्या मतें प्रत्ययाची होती. लोकांनीं ती दानाची मानली. कित्येकांनीं सरकारच्या शब्दावर भरंवसून भाग विकावयाचे ते ठेवले. बरें, प्रत्ययाचा जामीन होण्यापूर्वीं ऋणकोची वही पाहावी लागते. ती सरकारनें नीट पाहिली नाहीं. बँकेजवळील तारण रद्दी झालें होतें आणि तोटा किती, हें भागधारकांस टप्प्याटप्प्यानेंच कळत गेलें. शेवटीं १८६८ सालीं जुनी बँक आटोपती घेणें भाग पडलें व तिच्या जागीं एक कोटि भांडवलाची नवी बँक उभारण्यांत आली. ठेवीदारांचा पैसा वांचला; भागधारकांचा गेला. सर चार्लस् जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या चौकशी-मंडळानें १८६९ त जीं कारणें दिलीं, त्यांत १८६३ चा सैल कायदा, चिटणिसांचा दुर्व्यवहार, संचालकांची हयगय व काळाची विलक्षणता हीं मुख्य आहेत.

कोणी म्हणेल कीं, मग सरकारनें १८६५ तच हात झाडले असते तर बरें झालें असतें. मला तसें वाटत नाहीं. सरकारी शिल्लक त्याच बँकेंत होती. व्यापाऱ्यांचे भरणे तिच्यावर अवलंबून होते. ती त्या आठवड्यांत बंद पडती, तर सट्ट्याशीं ज्यांचा संबंध नव्हता अशीं घरें व दुकानेंहि बुडतीं. पुढच्याच वर्षीं, मे १८६६ त, लंडनमध्यें ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली. बँक ऑफ इंग्लंडनें तिला वांचविलें नाहीं, परंतु चांगलें तारण आणणाऱ्या इतरांस सढळ हातानें कर्ज देऊन बाजार सांवरला. बॅजट् यांनीं १८७३ च्या ग्रंथांत यावरूनच नियम बसविला कीं, संकटांत कर्ज द्यावें, पण चांगल्या तारणावर व चढ्या व्याजानें. सारांश, दोष मदत देण्यांत नव्हता. वही न पाहतां, मर्यादा न सांगतां व जुनाच कारभार चालूं देऊन मदत दिली, यांत होता.

सरकार यांतून शिकलें. १८७६ च्या कायद्यानें त्यानें आपले भाग काढून घेतले, संचालक नेमणें सोडलें व कर्जावर कडक निर्बंध घातले. हीच बँक १९२१ त इंपीरियल बँकेंत व ती १९५५ त स्टेट बँकेंत रूपांतर पावली.

दानाची जामिनकी मात्र यावयास आणखी जवळ जवळ शतक लागलें. १९६० मध्यें अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींच्या विम्याची योजना सुरू झाली. प्रथम मर्यादा १५०० रुपये होती. फेब्रुवारी १९२० नव्हे, तर थेट २०२० त ती ५ लाखांवर आली. ही जामिनकी आधींच बोललेली, मर्यादित व लेखी आहे, हा तिचा गुण.

अलीकडील दोन प्रसंग ताडून पाहावे. सप्टेंबर २०१९ त पंजाब व महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. प्रथम खातेदारास केवळ १००० रुपये काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ त ती दुसऱ्या बँकेंत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या वांट्यास दहा वर्षांपर्यंतचे हप्ते आले. उलट मार्च २०२० त येस बँकेवर निर्बंध आले, ते स्टेट बँक व इतर बँकांनीं भांडवल घातल्यानें दोन आठवड्यांच्या आंत उठले. ठेवीदारांचा पैसा शाबूत राहिला आणि कांहीं दीर्घ मुदतीचे रोखे मात्र शून्यवत् ठरवले गेले, तो वाद न्यायालयांत गेला. दोन्ही ठिकाणीं ठेवीदार निरपराधच होता. पण एकाची पेढी मोठी होती, दुसऱ्याची तितकी नव्हती. जामिनकी पेढीच्या आकारावरून ठरावी, हें न्यायास धरून आहे असें म्हणवत नाहीं.

यावरून मला निघणारा निर्णय असा. सरकारच्या मदतीनें लाभ होतो. परंतु ती ठेवीदारास असावी, मालकास नसावी. वही तपासून असावी. आणि ती प्रत्ययाची कीं दानाची, हें पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगितलेलें असावें. जो केवळ ‘विश्वास ठेवा’ म्हणतो, त्याचा शब्द खोटा ठरला तर त्यानें स्वतः भरून द्यावें, हा जुना दंडक आजहि रास्त आहे. आमच्या स्नेह्यांस मीं हेंच सांगितलें. पांच लाखांपर्यंतची रक्कम त्यांच्या हातीं आली. बाकीची येणें आहे. “म्हणजे दाखला आहे, पण हमी नाहीं,” एवढेंच ते म्हणाले.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. आपण सनदा, महजर व पत्रें जपतों, तशींच १८६०–७० च्या सुमाराचीं भागपत्रें, व्यापाऱ्यांच्या खतावण्या व हुंड्या जपाव्या. चौकशीच्या अहवालांत पेढीच्या कारभाऱ्यांची हकीकत सांपडते. ज्यांनीं शब्दावर भरंवसून भाग ठेवले, त्यांची हकीकत सांपडलीच तर अशा खतावण्यांतूनच सांपडेल. इत्यलम्.