पुण्यात पास, बुलढाण्यात फेल! सॉफ्टवेअर टेस्ट फसण्यामागे 'नावाचा' घोळ तर नाही ना?

समजा, तुम्ही पुण्यातल्या कंपनीचं काम बुलढाण्यातल्या घरून करताय. ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या. घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर त्याच टेस्ट चालवल्या, तर अर्ध्या फेल! कोडची एक ओळही बदललेली नाही. तरी आपण कोडच उलटापालटा करत बसतो आणि वर टीमची बोलणी खातो. अशा वेळी आधी एक प्रश्न विचारा: माझा कॉम्प्युटर या नावाचा पत्ता कुठला समजतोय?

नेम रिझोल्यूशन म्हणजे काय?

कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसने शोधतात. नावावरून हा पत्ता काढणं म्हणजे नेम रिझोल्यूशन. पूर्वी सगळी नावं एका 'होस्ट्स' फाइलमध्ये असायची. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. (आपल्या शेगावचं संत गजानन महाराज इंजिनीअरिंग कॉलेजही त्याच वर्षीचं!)

होस्ट्स फाइल आजही प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आहे आणि साधारणपणे आधी तीच पाहिली जाते. तिथे नाव नसेल तर डीएनएस सर्व्हरला विचारलं जातं. तो सर्व्हर कोणता, हे बहुतेक वेळा तुम्ही जोडलेलं नेटवर्क ठरवतं. त्यामुळे नेटवर्क बदललं की त्याच नावाचं उत्तरही बदलू शकतं.

टेस्ट फेल होण्याची नेहमीची कारणं

१. लोकलहोस्टचे दोन पत्ते: 'लोकलहोस्ट' म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. पण त्याचा आयपीव्ही४ पत्ता १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ पत्ता ::१. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड जेएसच्या १७व्या आवृत्तीने आयपीव्ही४ला आधी ठेवण्याची सवय सोडली. सिस्टम ज्या क्रमाने पत्ते देईल, तोच क्रम वापरायला सुरुवात केली. सर्व्हर १२७.०.०.१ वर आणि टेस्ट ::१ वर, असं झालं आणि अनेकांना 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसू लागलं.

२. स्वतःचंच नाव माहीत नाही: काही टेस्ट कॉम्प्युटरच्या नावावरून पत्ता विचारतात. ते नाव होस्ट्स फाइलमध्ये नसेल आणि नेटवर्कलाही ठाऊक नसेल, तर जावामध्ये 'अननोन होस्ट' एरर येते किंवा टेस्ट रेंगाळते.

३. कंपनीचं आतलं नाव: ते फक्त कंपनीच्या डीएनएसला माहीत असतं. व्हीपीएन बंद असेल तर घरून सापडणारच नाही.

४. नसलेल्या नावालाही उत्तर: काही इंटरनेट सेवा चुकीच्या नावालाही स्वतःच्या पानाचा पत्ता देतात. मग 'इथे एरर यायला हवी' असं तपासणारी टेस्ट फसते. सप्टेंबर २००३ मध्ये व्हेरिसाइनने सगळ्या डॉट कॉम आणि डॉट नेट नावांसाठी हेच केलं होतं. टीकेनंतर ऑक्टोबरमध्ये ते थांबवावं लागलं.

कसं शोधाल?

- एररमध्ये नाव दिसतंय की पत्ता, ते बघा. 'अननोन होस्ट' म्हणजे पत्ताच मिळाला नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे पत्ता मिळाला, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नव्हतं.
- त्या नावाला 'पिंग' करा आणि कुठला पत्ता येतो ते लिहून ठेवा. मग 'एनएसलुकअप' चालवा. एनएसलुकअप होस्ट्स फाइल न बघता थेट डीएनएसला विचारतं. दोघांची उत्तरं वेगळी आली, तर आधी होस्ट्स फाइल उघडा. एखादी जुनी ओळ राहून गेलेली असते.
- नेटवर्क बदलून तीच टेस्ट पुन्हा चालवा. निकाल बदलला, तर संशय नेटवर्कवर.
- जुनं उत्तर साठून राहिलं असेल, तर डीएनएस कॅशे साफ करा.

पुन्हा होऊ नये म्हणून

टेस्टमध्ये लोकलहोस्टऐवजी थेट १२७.०.०.१ लिहा किंवा सर्व्हर दोन्ही पत्त्यांवर चालू ठेवा. खोट्या नावांसाठी 'डॉट टेस्ट' आणि 'डॉट इनव्हॅलिड' वापरा. ही नावं १९९९ पासून अशाच कामांसाठी राखीव आहेत. 'डॉट लोकल' टाळा, कारण ते घरातल्या नेटवर्कवर प्रिंटरसारखी उपकरणं शोधायला वापरलं जातं.

आणि टीमला 'माझ्याकडे चालत नाही' एवढंच कळवू नका. कोणतं नाव, कोणता पत्ता, कोणतं नेटवर्क, या तीन गोष्टी सोबत द्या. दोष तुमच्या कोडचा नाही, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.