चार जुलैची मोजदाद

१/ चार जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. विसाव्या शतकाच्या आरंभी या दिवसाच्या आतषबाजीनंतर इस्पितळे जखमींनी भरून जात. कुणाची बोटे तुटलेली, कुणाचे डोळे गेलेले. मात्र सर्वाधिक बळी घेणारी जखम दिसायला अगदी क्षुल्लक असे.

२/ ती जखम होई खेळण्यातल्या पिस्तुलाने. आपले टिकल्यांचे पिस्तूल डोळ्यांपुढे आणू नका. या पिस्तुलात दारू भरलेले काडतूस असे. गोळीऐवजी त्याच्या तोंडाशी कागदाचा वा पुठ्ठ्याचा बोळा असे. बार उडताच हा बोळा तळहातात खोल रुते. वरची त्वचा लवकर मिटे आणि धुळीतले धनुर्वाताचे जंतू आत अडकत. हवा न पोहोचणारी जागा त्यांना मानवतेच.

३/ आठ-दहा दिवसांनी मुलाचा जबडा आवळू लागे. पाच जुलैच्या वृत्तपत्रांतील मृतांच्या आकड्यांत हे मूल असणे शक्यच नव्हते.

४/ म्हणून अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्राने १९०३ पासून देशभरातील बळींची वार्षिक मोजदाद आरंभली, तीही सणानंतरचे दिवस धरून. पहिल्याच वर्षी ४६६ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ४००हून अधिक धनुर्वाताचे होते.

५/ जखम उघडून स्वच्छ करावी, प्रतिविष टोचावे, असा डॉक्टरांचा आग्रह होता. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांच्या संशोधनाने प्रतिविषाचा मार्ग खुला केला होता. पण पिस्तुलांची विक्री थांबवणे डॉक्टरांच्या हाती नव्हते. तो अधिकार शासनाचा.

६/ ३ जुलै १९०८. क्लीव्हलँडमधील एका दुकानात फटाक्यांच्या साठ्याला आग लागली आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात नगर परिषदेने शहरात फटाक्यांवर बंदी घातली. पुढे इतर शहरांनीही निर्बंध आणले.

७/ नुसत्या बंदीने सण सुना झाला असता. म्हणून ‘सुरक्षित आणि समंजस चार जुलै’ या चळवळीने नगरपालिकांना पर्याय सुचवले: मिरवणुका, मैदानी खेळ, जाणकारांच्या हातची सार्वजनिक आतषबाजी. १९१२ पर्यंत वर्षाचे मृत्यू पन्नासच्या आत आले.

८/ तरीही शहराचा नियम वेशीपुरताच चाले. शेजारच्या गावातून फटाके आणणे अवघड नव्हते. १९६६ च्या संघीय कायद्यापासून मोठ्या स्फोटक फटाक्यांची ग्राहकांना होणारी विक्री देशभर बंद झाली. १९७६ मध्ये जमिनीवर वाजवायच्या साध्या फटाक्यातील स्फोटक दारूला ५० मिलिग्रॅमची मर्यादा आली.

९/ १९०३ ची मोजदाद आणि हा नियम यांत ७३ वर्षांचे अंतर आहे. धनुर्वाताने गेलेली ती मुले सणाच्या हिशेबात धरली गेली नसती, तर बंदी कशावर घालायची हेही नगर परिषदांना उमगले नसते.