बल्लारपूर

महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व कामगारवस्तीचे शहर. लोकसंख्या ८९,४५२ (२०११). चंद्रपूरच्या दक्षिणेस सुमारे १५ किमी.वर, वर्धा नदीच्या पूर्व तीरावर ते वसले आहे. कारभार नगर परिषदेकडे आहे. रेल्वे स्थानकाचे नाव बल्लारशाह असून बोलण्यात दोन्ही नावे चालतात.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने पंधराव्या शतकात येथे किल्ला बांधून राजधानी आणली. पुढे ती चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, गेली. किल्ल्याची तटबंदी नदीकाठी अद्याप उभी आहे. आजचे शहर मात्र घडवले ते कोळसा, रेल्वे आणि कागद यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे कोळसा निघू लागला. १९२९ मध्ये काझीपेटपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण होऊन दिल्ली–मद्रास या थेट मार्गावरील हे महत्त्वाचे जंक्शन बनले. १९४५ मध्ये कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. भोवतालच्या जंगलातील बांबू, नदीचे पाणी व जवळचा कोळसा या तिन्ही गोष्टी तिला हाताशी मिळाल्या. खाणी आता वेस्टर्न कोलफील्ड्सच्या ताब्यात आहेत. सागवान लाकडाचे येथील आगार नामांकित आहे; अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान येथूनच गेले.

लोकजीवन : येथील प्रत्येक उद्योगाने आपापली माणसे आणली. खाणी व रेल्वेच्या कामासाठी दक्षिणेकडून तेलुगू भाषक आले. उत्तर प्रदेश, बिहार व छत्तीसगडमधून मजूर आले. मूळचे मराठी भाषक, गोंड, मोठा बौद्ध समाज आणि मुस्लिम यांच्यात ते मिसळून गेले. त्यामुळे शहराला ‘मिनी इंडिया’ म्हणतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारे मूल येथे सर्रास आढळते. आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, बतुकम्मा आणि वर्धेच्या काठावरील छठपूजा हे सगळे उत्सव येथे साजरे होतात. अंबाडीची भाजी मराठी व तेलुगू अशा दोन्ही घरांत आवडीने खाल्ली जाते. सकाळी टपरीवर तर्री-पोहा, तर स्थानकावर इडली-वडा व अंडा बिर्याणी मिळते.

शहराचा दिवस पाळ्यांवर चालतो. बोलण्यात त्या ‘फर्स्ट’, ‘सेकंड’ आणि ‘नाइट’. पाळी सुटताना डबा हँडलला अडकवलेल्या सायकली आणि दुचाकी एकदमच फाटकाबाहेर पडतात, आणि त्याच वेळी चहाच्या टपऱ्या व भाजीवाल्या बायांची विक्री वाढते. ज्या घरी कोणी ‘नाइट’ करून आलेला असतो, तेथे दुपारी दार लोटून मुलांना दबक्या आवाजात खेळायला सांगतात. रेल्वेचा दिवस तर संपतच नाही : येथे मध्य रेल्वेची हद्द सरून दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते. गोंदियाकडून येणारा फाटाही येथेच मिळतो.

उन्हाळा कडक असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की भर दुपारी रस्ते ओस पडतात. डोक्याला दुपट्टा आणि खिडकीला कूलर असल्याशिवाय भागत नाही. पावसाळ्यात वर्धेचा पूर आला की पलीकडच्या राजुऱ्याची वाट अडते. कोळशाची धूळ हे येथील जुने दुखणे आहे. वाघ-बिबट्यांचे जंगल अगदी जवळ असल्याने पहाटे फिरायला जाणेही जपूनच करावे लागते.

२००१ मध्ये लोकसंख्या ८९,९९५ होती. पुढील दहा वर्षांत ती वाढण्याऐवजी ५४३ ने घटली. विदर्भातील औद्योगिक शहराच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. वडिलांना गिरणीत किंवा खाणीत कायम नोकरी होती. मुलाच्या वाट्याला बहुधा कंत्राटी काम येते, आणि शिकलेली मुले नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतात. त्यांना अडवणे शक्य नाही आणि योग्यही नाही. पण परप्रांतीयांना सामावून घेऊन ज्या शहराने त्यांना आपले म्हटले, त्या शहराच्या स्वतःच्या मुलांना गावातच कायम रोजगार मिळाला पाहिजे. बल्लारपूरचे पुढचे दिवस त्यावरच अवलंबून आहेत.